रॉमध्ये काढलेले फोटो कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा फिकेच दिसतायत, नक्की काय करायचं असतं?

तळ्यातमळ्यात
नमस्कार मंडळी. मित्राने नवीन कॅमेरा घेतला म्हणून त्याचा जुना निकॉन डी५६०० आणि १८-१४० लेन्स माझ्याकडे आली. ऑटोवरून ए मोडवर (अ‍ॅपर्चर मी ठरवतो, शटर कॅमेरा) आलोय, आयएसओ शटर वगैरे बऱ्यापैकी कळायला लागलंय. जो भेटेल तो म्हणतो जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) काय काढतोस, रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) काढ. म्हणून सेटिंग बदललं आणि सज्जनगड-ठोसेघर करून आलो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास. घरी लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचं ट्रायल टाकून उघडले तर क्षणभर तसेच झकास दिसतात आणि मग डोळ्यादेखत रंग उतरतो, सगळं मळकट. बायको म्हणाली आधीचेच बरे होते. आणि खरंच बरे होते हो!
तर प्रश्न असे की हा रंग जातो कुठे, रॉचा माझ्यासारख्याला खरंच उपयोग आहे का, आणि ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर फुकटात काय चालेल? सप्टेंबरात कासला जायचंय, त्याआधी थोडं तरी जमलं पाहिजे.

भटकभवानी
रुमाल टाकून ठेवते. माझाही हाच प्रश्न आहे.

अ‍ॅपर्चरराव
रंग कुठे जात नाही, तो तिथे नव्हताच. रॉ फाईलच्या पोटात एक छोटं जेपेग असतं, कॅमेऱ्याने स्वतःच्या पद्धतीने रंग, काँट्रास्ट, शार्पनिंग लावून बनवलेलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तेच दिसतं आणि लाइटरूम पहिल्यांदा तेच दाखवतं. मग ते सेन्सरचा मूळ डेटा वाचून स्वतःचं चित्र तयार करतं आणि तुम्हाला वाटतं रंग उडाला.
उपाय सोपा आहे. लाइटरूमच्या डेव्हलप भागात प्रोफाईल म्हणून जागा आहे तिथे अ‍ॅडोबी कलर निवडलेलं असेल, ते बदलून कॅमेरा स्टँडर्ड किंवा कॅमेरा विव्हिड करा. निम्मं दुःख तिथेच संपेल.
आणि फुकटात हवं असेल तर निकॉनचंच एनएक्स स्टुडिओ घ्या. ते कॅमेऱ्यातली सेटिंग वाचतं त्यामुळे उघडल्या उघडल्या फोटो स्क्रीनवर होता तसाच दिसतो. कॅननवाल्यांना डिजिटल फोटो प्रोफेशनल आहे, तेही फुकट.

मिनू_ठाणे
सोप्यात सांगायचं तर जेपेग म्हणजे तयार इडली आणि रॉ म्हणजे पीठ. पीठ असलं की डोसा पण होतो, उत्तप्पा पण होतो.

बाराभानगडी
धाग्यावर खाणं आलं, आता हा शंभरी गाठणार.

डेडलाईन
मी उलटं बोलणार आहे, हलके घ्या. वर्तमानपत्रासाठी फोटो काढून पोट भरतो आणि रोजचं काम जेपेगमध्येच करतो. मिरवणूक चालू असताना कॅमेऱ्यातून मोबाईलवर आणि मोबाईलवरून डेस्कवर फोटो जायला लागतात, तिथे पीठ भिजवायला वेळ कुणाला आहे. रॉयटर्सने तर २०१५ मध्ये फ्रीलान्सरांना सरळ सांगितलं होतं की रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेलं मूळ जेपेग पाठवा. एक कारण वेग आणि दुसरं कारण फोटोत फेरफार नको. तेव्हा 'रॉ न काढणारा फोटोग्राफर नव्हेच' वगैरे जे चालतं ना ग्रुपवर, ते बंद करा. एक्सपोजर जागेवर नीट घ्यायची सवय लागते जेपेगने. रॉवाले सगळं 'घरी बघू' वर ढकलतात.

सह्यकडा
@डेडलाईन, वेगाचं मान्य. पण फेरफारचं दुसरं टोकही बघा की. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारख्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोचलात की ते मूळ फाईल मागतात, रॉमध्ये काढला असेल तर रॉच द्यावी लागते. म्हणजे पुरावा म्हणून रॉ लागते. तिथे नुसतं एडिट केलेलं जेपेग घेऊन गेलात तर दारातूनच परत.

डेडलाईन
बरोबर. मी स्पर्धेला पाठवत नाही, संपादकाला पाठवतो. :)

ऋतुजा_पी
@तळ्यातमळ्यात, तुमच्या 'माझ्यासारख्याला उपयोग आहे का' ला कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहितेय. मी लग्नाचे फोटो काढते. रॉचा सगळ्यात मोठा फायदा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड कुठल्याही रंगाचा असला तरी पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची दुरुस्ती. हॉलमध्ये एका बाजूने खिडकीचा निळसर उजेड, वरून पिवळे दिवे, स्टेजवर डेकोरेटरने लावलेले गुलाबी पार लाइट. जेपेगमध्ये एकदा नवरी केशरी आली की आली, सुधारायला गेलात तर शालूचा हिरवा बिघडतो. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स हा फक्त एक आकडा असतो, नंतर हवा तो द्या, नुकसान शून्य.
दुसरा फायदा उजळ भागाचा. भटजींचं पांढरं उपरणं, होमाचा धूर, नवरदेवाची टोपी... जेपेगमध्ये सपाट पांढरं झालेलं असतं तिथे रॉमध्ये बऱ्याचदा घड्या निघतात. बऱ्याचदा म्हणतेय, नेहमी नाही. पूर्ण जळलं असेल तर ब्रह्मदेवही आणू शकत नाही.
आणि रॉ काय वाचवत नाही तेही ऐकून ठेवा. हललेला फोटो, चुकलेला फोकस, चुकीच्या वेळी दाबलेलं बटण. आणि ते जांभळे एलईडी! त्यांच्या उजेडात बाकीचे रंगच नसतात, त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही ओढा, चेहरा जांभळाच. तिथे मी सरळ ब्लॅक अँड व्हाइट करते आणि अल्बममध्ये 'क्लासिक' म्हणून देते.

भटकभवानी
'क्लासिक' :)) लक्षात ठेवते. पण ताई, हजारो फोटो रॉमध्ये म्हणजे जागा किती लागते?

ऋतुजा_पी
२४ मेगापिक्सेलला एक रॉ साधारण २५-३० एमबी, त्याचं चांगल्या दर्जाचं जेपेग १० च्या आसपास. ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारच्या आसपास रॉ बसतात. शिवाय कार्ड जरा वेगवान घ्या, नाहीतर सलग काढताना कॅमेरा थबकतो आणि नेमके तेव्हाच अक्षता पडतात.

गणिती_गोंधळ
जरा आतली गोष्ट सांगतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जा. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो. प्रत्येकावर लाल, हिरवा किंवा निळा असा गाळणा बसवलेला असतो, आणि चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी हे शोधलं, पेटंट १९७६ चं. म्हणजे तुमच्या २४ मेगापिक्सेलमधले १२ हिरवे आणि ६-६ लाल निळे. उरलेले दोन रंग शेजारच्यांवरून अंदाजाने भरतात. हा अंदाज कॅमेऱ्याने बांधला की जेपेग, तुमच्या सॉफ्टवेअरने बांधला की ते रॉ प्रोसेसिंग. फुजीच्या एक्स-ट्रान्सवाल्यांचा नकाशा वेगळा असतो, ते असो.
जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १२ बिट रॉमध्ये ४०९६, १४ बिटमध्ये १६३८४. लगेच 'चौसष्ट पट चांगला' असं कुणी म्हणू नका, कारण जेपेगच्या पायऱ्या डोळ्याला सोयीच्या अशा वाकवून ठेवलेल्या असतात आणि रॉच्या सरळ असतात, थेट तुलना होत नाही. पण अंधारातला भाग ओढून वर आणायचा असेल तेव्हा फरक दिसतो. जेपेगमध्ये आकाशात पट्टे उमटतात, रॉमध्ये सहसा नाही.

बाराभानगडी
मी पुढे गेलो होतो, आता परत आलो. झालं का?

निवांत_नाना
तुम्हा पोरांची चर्चा वाचून मजा वाटते. आम्ही बाथरूममध्ये खिडकीला काळा कागद चिकटवून लाल दिवा लावून बसायचो. फिल्म धुवायची डी-७६ डेव्हलपरमध्ये, मग हायपो म्हणजे फिक्सर, मग तासभर नळाखाली. एनलार्जरखाली कागद ठेवून आधी पट्टी काढायची, ५ सेकंद, १० सेकंद, १५ सेकंद, त्यातली बरी ती निवडायची. आकाश पांढरं पडत असेल तर बाकीचा फोटो हाताने झाकून तेवढ्याच आकाशाला जास्त उजेड द्यायचा, त्याला बर्निंग म्हणायचे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आता तीच नावं बघतो तेव्हा हसू येतं. तेव्हा 'एडिट केला म्हणजे फसवला' असं कुणी म्हणालं की मला कळत नाही काय बोलावं. आमच्या घरात कुणी अंघोळीला आलं की सगळी प्रिंट काळी, एवढंच फसवणं.
एक मात्र सांगतो. प्रिंटं पिवळी पडली, फाटली, पाहुण्यांनी नेली. निगेटिव्ह टिकल्या. परवा नातवाने त्या स्कॅन केल्या तर मला त्या वेळी प्रिंटमध्ये कधी न दिसलेलं मागचं दुकान आणि पाटी स्वच्छ दिसली.

सह्यकडा
नाना, दंडवत. आणि हाच मुद्दा रॉला लागू होतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून आकाशगंगा काढली होती फार पूर्वी, आयएसओ ६४००, नुसती वाळू वाळू (दाणेदार नॉइज). रॉ होती म्हणून ठेवली. आता डीएक्सओ किंवा लाइटरूममधला एआय डीनॉइज (लाइटरूममध्ये तो २०२३ ला आला) त्याच फाईलवर चालवला तर छापून भिंतीवर लावण्याइतकी झाली. कॅमेरा तोच, फाईल तीच, गणित नवीन. जेपेगवर हे इतकं जमत नाही कारण त्यातला नॉइज आधीच अर्धवट पुसून चिकट झालेला असतो.

टोरांटोकर
इकडे बर्फाचे फोटो काढताना रॉशिवाय गत्यंतर नाही. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे म्हणून तो सगळं राखाडी करतो.

अ‍ॅपर्चरराव
@टोरांटोकर, त्याला रॉ नको, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +१ करा, म्हणजे कॅमेरा स्वतः ठरवतो त्यापेक्षा जास्त उजेड घेईल. जेपेगमध्येही पांढरा बर्फ येईल.

टोरांटोकर
हातमोजे काढून ते बटण दाबायचं म्हणजे काय ते इकडे येऊन बघा एकदा.

तळ्यातमळ्यात
वा, एवढे प्रतिसाद! अ‍ॅपर्चरराव, प्रोफाईल बदललं आणि खरोखर जीव आला. एनएक्स स्टुडिओ पण टाकलं, चालतंय, जरा दमतं पण चालतंय. आता पुढचा घोळ. स्लायडर इतके आहेत की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. ठोसेघरचा एक फोटो केला, बायकोने 'हिरवं रेडियम' म्हणून हाक मारली.

भटकभवानी
आमच्या ट्रेक ग्रुपवर सगळा मान्सून असाच असतो. सॅच्युरेशन १००, क्लॅरिटी १००, दगडसुद्धा हिरवे.

अ‍ॅपर्चरराव
क्रम ठरवून घ्या म्हणजे हात भरकटत नाही. मी आधी क्षितिज सरळ करतो आणि क्रॉप करतो, कारण जे कापून टाकायचं त्याच्यावर मेहनत कशाला. मग व्हाइट बॅलन्स, मग एकूण एक्सपोजर. त्यानंतर हायलाइट खाली, शॅडो थोडी वर, आणि मग काळा बिंदू (सगळ्यात गडद भाग) परत जरा खाली ओढायचा, हे लोक विसरतात आणि फोटो धुरकट राहतो. रंगाला सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा, ते आधीच भडक असलेल्या रंगांना फारसं हात लावत नाही. मान्सूनमध्ये तर मी हिरवा उलट थोडा कमी करतो आणि किंचित पिवळ्याकडे सरकवतो. शार्पनिंग आणि नॉइज सगळ्यात शेवटी आणि १०० टक्के झूम करूनच. मग उठून चहा घ्या. परत येऊन बघितलं की कळतं काय जास्त झालंय.
डार्कटेबल आणि रॉथेरपी पण फुकट आहेत आणि ताकद भरपूर आहे, पण पहिल्याच महिन्यात डार्कटेबल उघडलंत तर कॅमेरा विकायला काढाल. नंतर बघा.

लिनक्सवाला
निषेध! डार्कटेबलने मी सुरुवात केली आणि कॅमेरा अजून घरातच आहे. दर महिन्याला भाडं भरायचं नसेल तर थोडं डोकं लावावं लागतं. पहिल्यांदा फक्त एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप एवढीच मॉड्यूल उघडी ठेवा, बाकीची आहेत हे विसरून जा. मात्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर हळू चालतं हे खरं.
आणि सगळ्यांना लागू असं एक: ही सॉफ्टवेअरं मूळ रॉला हात लावत नाहीत, तुमचे बदल वेगळे लिहून ठेवतात. डार्कटेबल फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाईल ठेवतं, लाइटरूम स्वतःच्या कॅटलॉगमध्ये लिहितं. 'ह्या बारक्या फाईली कसल्या' म्हणून साफसफाईत एक्सएमपी उडवू नका, मेहनत जाऊ शकते. तसंच लाइटरूमवाल्यांनी फोल्डर बाहेरून हलवला की ते प्रश्नचिन्ह दाखवत बसतं.

मिनू_ठाणे
मोबाईलवर रॉ काढून उपयोग आहे का? माझ्या फोनच्या प्रो मोडमध्ये दिसतंय.

गणिती_गोंधळ
आहे, पण अपेक्षा कमी ठेवा. फोनचा नेहमीचा फोटो म्हणजे पाच-दहा फ्रेम एकावर एक रचून केलेला असतो. प्रो मोडमधली डीएनजी (फोनची रॉ फाईल) सहसा एकाच फ्रेमची, म्हणून नॉइज जास्त दिसतो आणि लोक म्हणतात फोन खराब आहे. आयफोन १२ प्रो पासूनच्या प्रोरॉमध्ये ते रचणं आधीच झालेलं असतं, म्हणून ती बरी वाटते. स्नॅपसीडमध्ये डीएनजी उघडून बघा, फुकट आहे.

डेडलाईन
परत आलो, कारण कासचा उल्लेख आहे आणि भडक रंगाबद्दल एक कामाची गोष्ट आहे. मी जेपेगवाला असलो तरी एका जागी रॉ लावतो, जेजुरीला. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हेवर निघते आणि वरून भंडारा उधळतात तेव्हा अख्खी फ्रेम पिवळी. जेपेगमध्ये तो भंडारा म्हणजे नुसता पिवळा डाग, माणसाच्या गालावरचा कण दिसत नाही. मजा अशी की हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघितला तर ठीक दिसतो.

गणिती_गोंधळ
कारण तुम्ही एकत्रित हिस्टोग्राम बघताय, तीन रंगांचा वेगवेगळा लावा. उन्हात व्हाइट बॅलन्स देताना कॅमेरा लाल चॅनल बराच वाढवतो, त्यावर पुन्हा विव्हिड सेटिंग. पिवळ्यात आधीच लाल भरपूर असतो, त्यामुळे जेपेगचा लाल वर आपटून कापला जातो. रॉमध्ये तो वाढवण्याआधीचा असतो म्हणून बऱ्याचदा शाबूत सापडतो. कासला तेरड्याच्या गुलाबीचं आणि सोनकीच्या पिवळ्याचं हेच होणार. पिक्चर कंट्रोल (कॅमेऱ्यातली रंग-काँट्रास्टची सेटिंग) न्यूट्रल ठेवा, रॉवर त्याचा परिणाम नाही पण स्क्रीनवरचा हिस्टोग्राम जरा खरं बोलायला लागतो.

डेडलाईन
तेच म्हणतो. मी तिथे एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवतो आणि घरी येऊन उचलतो. (हो, 'घरी बघू', हसू नका.) आणि भंडाऱ्यात लेन्स बदलू नका, कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळा.

ऋतुजा_पी
@तळ्यातमळ्यात, कासला रॉ प्लस जेपेग दोन्ही लावा. जागा जाते पण शिकायला ह्याच्यासारखं काही नाही. आपण केलेला फोटो कॅमेऱ्याने केलेल्याशेजारी ठेवून बघायचा. आपला वाईट असेल तर का, ते शोधायचं.

तळ्यातमळ्यात
कासला जाऊन आलो! शनिवार-रविवार टाळला, ऑनलाइन बुकिंग करून सकाळी पोचलो तर समोर धुकं, दहा फुटांवरचं दिसेना. मग तासाभराने ऊन आलं आणि गेलं, असं चालू होतं. ताईंनी सांगितलं तसं दोन्ही काढले. वर चार जोड्या टाकल्यात, डावीकडे कॅमेऱ्याचं जेपेग, उजवीकडे माझं.
उन्हातल्या तेरड्याचा फरक स्वतः बघितला, डावीकडे पाकळ्या दिसतच नाहीत, गुलाबी रंग ओतलाय नुसता. उजवीकडे शिरा दिसतात. न्यूट्रल आणि उणे एक्सपोजरचा सल्ला एक नंबर. पण धुक्यातला गेंदाचा फोटो मला अजून जमत नाही. आणि सीतेची आसवं प्रत्यक्षात जांभळी होती, फोटोत दोन्हीकडे निळी आलीत.

भटकभवानी
तेरडा उजवा. धुकं डावं. सॉरी!

निवांत_नाना
धुक्याचा डावाच चांगला आहे. तुम्ही उजव्यात धुकं काढून टाकायचा प्रयत्न केलाय. अहो, धुकं होतं म्हणून तर तो फोटो आहे.

सह्यकडा
+१ नाना. डीहेझ (धुकं पुसणारा) स्लायडर शून्यावर आणा. काळा बिंदू पण ओढू नका, धुक्यात काळं नसतंच. व्हाइट बॅलन्स जरासा गार ठेवा आणि सोडून द्या.

लिनक्सवाला
मला चारही उजवे आवडले. लोकशाही आहे.

अ‍ॅपर्चरराव
जांभळी फुलं निळी येणं हे बऱ्याच कॅमेऱ्यांचं जुनं दुखणं आहे, तुमचं काही चुकलं नाही. रॉमध्ये निदान इलाज आहे: निळ्या आणि जांभळ्या रंगाचा ह्यू (छटा) जांभळ्याकडे सरकवा, पण आकाश असेल तर तेही जांभळं होईल, म्हणून फक्त फुलांवर मास्क टाकून करा. किती सरकवायचं हे कॅमेरा सांगणार नाही, तुम्ही फूल डोळ्याने बघितलंय तेवढं पुरे.

तळ्यातमळ्यात
धुक्याचा परत केला, डीहेझ शून्य, काळं सोडून दिलं. बायकोने डीपी ठेवलाय, म्हणजे पास. पण एक शंका राहिलीच. लॅपटॉपवर मी केलेला तेरडा मस्त दिसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांना पाठवला की पुन्हा मळकट. आता काय?

ऋतुजा_पी
एक्सपोर्ट करताना कलर स्पेस (फाईलमधले रंग कसे वाचायचे ते ठरवणारी सेटिंग) बघा. अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो असेल तर बऱ्याच अ‍ॅपना ते कळत नाही आणि रंग मेलेले दिसतात. एसआरजीबी करा, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८०-८५. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप आणखी दाबतं.

तळ्यातमळ्यात
अ‍ॅडोबी आरजीबीच होतं! कॅमेऱ्याच्या मेन्यूत पण तेच आहे, तेही बदलू का?

ऋतुजा_पी
बदला. रॉला त्याने काही फरक पडत नाही, ते सेटिंग फक्त जेपेगसाठी असतं. पण तुम्ही दोन्ही काढताय ना.